नेलपेंट दोन दिवसांत का उडतं, जेलचा किट घ्यावा का, आणि करवलीची नखं घरच्या घरी

प्रश्न भांडुपहून आलाय. विचारणारी बँकेत नोकरीला, रोज लोकलने फोर्टला जाणारी, घरचा स्वयंपाक आणि भांडी दोन्ही तिच्याकडेच. डिसेंबरात धाकट्या भावाचं लग्न, आणि ही करवली. तक्रार अशी, की घरी लावलेल्या नेलपेंटचा दुसऱ्या दिवशी टोकाला टवका उडतो आणि तिसऱ्या दिवशी अख्खा पापुद्रा निघून येतो. पुढे तीन प्रश्न: वहिनी म्हणते तसा लॅम्पसकट जेलचा किट ऑनलाइन मागवावा का, उजव्या हातावर डाव्या हाताने नक्षी कशी काढायची, आणि मेंदी, हळद, नखं यांत आधी काय, नंतर काय. दादरला माझं पार्लर आहे आणि लग्नसराईत रोज हाच विषय निघतो, त्यामुळे जरा लांबण लावते.

नेलपेंट स्वस्त होतं म्हणून उडालं, हा समज आधी सोडा. साधी बाटलीसुद्धा कोरड्या, स्वच्छ नखावर पातळ हाताने लावली तर चार-पाच दिवस सहज राहते. महागातली ओल्या नखावर लावलीत तर दुसऱ्या दिवशी जाणारच. घरी मॅनिक्युअर म्हटलं की सगळ्या जणी पहिल्यांदा कोमट पाणी, शाम्पू आणि लिंबाची फोड घालून वाडगा तयार करतात. तो वाडगाच मूळ दुखणं आहे. नख म्हणजे केराटिन नावाच्या प्रथिनाचे एकावर एक बसलेले पातळ थर. पाण्यात हात बुडवला की काही मिनिटांत ते पाणी पितं, फुगतं, थोडं सपाट होतं. तुम्ही त्याच फुगलेल्या नखावर रंग लावता. तासाभराने नख वाळून पुन्हा आपल्या आकारात येतं, वर सुकलेला रंग मात्र त्याच्यासोबत आकसत नाही. मग कडेने पकड सुटते आणि उरलेलं काम भांड्यांचा साबण करतो. हात भिजवायचेत तर खुशाल भिजवा, त्वचेला बरंच वाटतं, पण आदल्या रात्री. रंग लावायच्या आधी किमान तासभर आंघोळ नाही, भांडी नाहीत, कणीक मळणं नाही.

दुसरं कारण तेल. स्वयंपाकाचं, हँडक्रीमचं, डोक्याला लावलेलं. रंग लावायच्या अगदी आधी केमिस्टकडे मिळणाऱ्या आयसोप्रोपिल अल्कोहोलने प्रत्येक नख पुसा, कडांसकट. ते नसेल तर ॲसिटोनवालं रिमूव्हर चालेल. पर्समधलं जेल सॅनिटायझर नको, त्यात बहुधा ग्लिसरीन असतं आणि ते नखावर राहतं. पुसल्यावर नख मळकट पांढरं, कोरडं दिसेल. तसंच दिसायला हवं. त्यानंतर गालाला, केसांना बोट लावू नका.

नखाच्या मुळाशी दोन वेगळ्या गोष्टी असतात आणि घरी करताना त्यांची गल्लत होते. नखावर चिकटून पुढे सरकलेला पारदर्शक पापुद्रा म्हणजे क्यूटिकल. तो मेलेला असतो. त्याच्यामागची जाडसर कड म्हणजे जिवंत त्वचा, आणि बाहेरची घाण आत मुळापर्यंत जाऊ नये म्हणून ती तिथे आहे. पापुद्रा आंघोळीनंतर लाकडी काडीने हलकेच मागे सारायचा, सुटा झाला तर पुसून काढायचा. कड कापायची नाही. कटरने ती कापून घेतलेल्या आणि आठवड्याने नखुरडं घेऊन आलेल्या बायका मी पावसाळ्यात दर वर्षी बघते: बोट लाल, ठणकतंय, कडेला पू. घरच्या किटमधला तो चिमट्यासारखा कटर फक्त बाजूला लोंबणारी सुटी साल कापायला वापरा.

फायलर घ्या १८० किंवा २४० ग्रिटचा (ग्रिट म्हणजे खरखरीतपणाचा आकडा). नेलकटरच्या पात्यावरची धातूची खरखरीत पट्टी नखाचं टोक फाडते, आणि फाटलेल्या टोकापासूनच टवका उडायला सुरुवात होते. लोकलच्या कड्यांना लटकणाऱ्या हाताला नख बोटाच्या टोकापुढे दोन-तीन मिलिमीटर पुरे, आणि आकार चौकोनी पण कोपरे गोल केलेला. टोकदार नखं फोटोत छान दिसतात, पर्सची चेन त्यांना आठवडाभरही टिकू देत नाही.

आता रंग. बाटली गदागदा हलवू नका, आत हवा शिरते आणि नखावर बुडबुडे येतात. दोन तळहातांमध्ये रवीसारखी फिरवा. आधी बेस कोट, म्हणजे रंगाखालचा पारदर्शक थर. मग ब्रश बाहेर काढताना त्याची एक बाजू बाटलीच्या गळ्याला पूर्ण पुसा आणि दुसऱ्या बाजूच्या टोकाला एक छोटा थेंब राहू द्या. हा थेंब नखाच्या मधोमध टेकवायचा, मुळापासून थोडा अलीकडे, आणि ब्रश मागे ढकलायचा. रंग आपोआप गोल पसरत कडेपर्यंत जातो. कडेला केसभर जागा राहिली की तिथेच थांबून सरळ टोकाकडे ओढायचं. मग डावीकडे एक फटकारा, उजवीकडे एक. बस्स, तीनच. चौथ्या-पाचव्या वेळी ब्रश फिरवलात तर अर्धवट सुकलेला रंग उकरला जातो. पहिला थर ठिगळ-ठिगळ दिसला तर बिघडत नाही, दुसरा थर ते झाकतो. दोन थरांच्या मध्ये तीनेक मिनिटं जाऊ द्या. शेवटी टॉप कोट, म्हणजे रंगावरचा पारदर्शक थर, आणि प्रत्येक थराला ब्रश नखाच्या धारेवरून एकदा आडवा फिरवायचा, म्हणजे टोक बंद होतं. टायपिंग करणाऱ्या, नोटा मोजणाऱ्या हातासाठी हा धारेवरचा एक फटकारा फार महत्त्वाचा. तुमचा दुसऱ्या दिवशीचा टवका बहुतेक इथूनच उडतो.

त्वचेवर रंग गेला तर जुना चपटा ब्रश रिमूव्हरमध्ये बुडवून, टिपून, कडेने फिरवा. घरचं काम आणि पार्लरचं काम यांत लांबून दिसणारा फरक बहुतेक या एका ब्रशचाच असतो.

मुंबईची हवा हा वेगळाच मामला. नेलपेंट म्हणजे नायट्रोसेल्युलोज आणि रेझिन, एथिल आणि ब्युटिल ॲसिटेटसारख्या द्रावकांत विरघळवलेलं. द्रावक उडून जातं, मागे पापुद्रा राहतो. पंखा पाचवर करून खाली बसलात तर वरचं आवरण आधी सुकतं, खालचं द्रावक अडकतं आणि बुडबुडे धरतात. जुलै-ऑगस्टच्या दमट हवेत द्रावक उडताना नख किंचित थंड पडून वर बाष्प धरतं आणि चकाकी धुरकट होते. पंखा बंद, खिडकी उघडी, गॅस आणि उदबत्ती लांब, कारण हे द्रावक पेट घेतं. बर्फाच्या पाण्यात बोटं बुडवल्याने वरवर घट्ट वाटतं, आतून सुकत नाही. हाताला दहा-पंधरा मिनिटांत कोरडं लागलं तरी पूर्ण कडक व्हायला बरेच तास जातात, म्हणून रात्री अकराला लावून झोपलात तर सकाळी नखांवर चादरीचे छापे. जेवणं आटोपल्यावर नको, शनिवारी दुपारी लावा. बाटली घट्ट झाली तर नेलपेंटचा थिनर दोन-तीन थेंब. रिमूव्हर ओतलंत की रंग कायमचा बिघडला.

लेडीज डब्यात टिकल्या-पिनांबरोबर नेलपेंटही विकायला येतं. रंग मोहात पाडतात, मान्य. पण लेबलच नसेल तर घेऊ नका. टोल्युईन, फॉर्मल्डिहाइड आणि डायब्युटाइल थॅलेट ही तीन द्रव्यं चांगल्या कंपन्यांनी कधीच काढून टाकली. बिनलेबलच्या बाटलीत काय आहे ते विकणाऱ्यालाही ठाऊक नसतं.

टिकवण्यासाठी: भांड्यांना रबरी हातमोजे, दर दोन-तीन दिवसांनी टॉप कोटचा एक हात, आणि रात्री कडांना खोबरेल नाहीतर बदाम तेल.

आता जेलचा किट. माझं मत सरळ आहे: लग्नासाठी म्हणून घाईने मागवू नका. जेल हवेत सुकत नाही. त्यातली ॲक्रिलेट नावाची द्रव्यं लॅम्पच्या अतिनील प्रकाशाने एकमेकांना जोडली जातात आणि कडक प्लास्टिक बनतं. त्यासाठी लॅम्पची तरंगलांबी आणि ताकद त्या जेलला साजेशी लागते, थर पातळ लागतो आणि वेळ पुरेपूर द्यावा लागतो. किटमधला चिमुकला लॅम्प, वेगळ्याच कंपनीचं जेल आणि हौसेने दिलेला जाड थर असं जमलं की वरून कडक, आतून कच्चं राहतं. हाताला समजतही नाही. हे कच्चं ॲक्रिलेट त्वचेला पुन्हा पुन्हा लागत राहिलं की ॲलर्जी येऊ शकते: नखांभोवती खाज, साल निघणं, भेगा, आणि डोळ्यांना हात लावायची सवय असेल तर पापण्याही सुजतात. हेमा (HEMA) नावाचं ॲक्रिलेट यात सगळ्यात बदनाम आहे. ब्रिटनच्या त्वचारोगतज्ज्ञांच्या संघटनेने घरगुती किटबद्दल २०१८ मध्येच जाहीर इशारा दिला होता. ही ॲलर्जी एकदा आली की सहसा जन्मभर राहते, आणि गोष्ट नखांपुरती उरत नाही. दातांत भरायचं सिमेंट, हाडांच्या ऑपरेशनमधलं सिमेंट, मधुमेहाच्या सेन्सरची चिकटपट्टी, सगळीकडे याच जातीची द्रव्यं असतात. पन्नाशीत दाताच्या डॉक्टरकडे जाऊन 'मला ॲक्रिलेट चालत नाही' म्हणावं लागणं ही एका लग्नाच्या नखांसाठी फार मोठी किंमत झाली.

तरीही वहिनीने किट आणलाच, तर डब्यावर काय लिहिलंय ते वाचा. हेमा नसलेला घ्या. टीपीओ (TPO) हे लॅम्पखाली जेल कडक व्हायला घातलेलं द्रव्य युरोपियन युनियनने सौंदर्यप्रसाधनांत १ सप्टेंबर २०२५ पासून बंद केलंय; त्याच्याशिवायचा मिळतो, तो बघा. लॅम्प आणि जेल एकाच कंपनीचे. त्वचेला जेल लागलं तर लॅम्पमध्ये हात घालायच्या आधीच पुसायचं, नंतर नाही. लॅम्पमध्ये चटका बसला तर थर जाड झालाय, हात बाहेर काढा. हाताला आधी सनस्क्रीन, नाहीतर बोटांची टोकं उघडी असलेले हातमोजे. आणि उतरवताना खरवडून ओढायचं नाही. ॲसिटोनचा कापूस नखावर, वर फॉइल, दहा-पंधरा मिनिटं, मग जेवढं सुटेल तेवढंच ढकला, उरलेल्याला पुन्हा फॉइल. ओढून काढलेल्या जेलबरोबर नखाचे वरचे थर येतात. बोटाचं नख महिन्याला साधारण ३ मिलिमीटर वाढतं, म्हणजे मुळापासून टोकापर्यंत नवं यायला चार ते सहा महिने. आज नासवलेलं नख डिसेंबरात तसंच राहणार.

कुठलंही जेल किंवा लावलेलं नख एका कडेने उचललं गेलं तर वर गोंदाचा थेंब सोडून दाबू नका. आत पाणी साचतं आणि नखावर हिरवट डाग पडतो. तो जंतूंचा असतो. काढा, कोरडं ठेवा, वर रंग लावून लपवू नका, आणि केईएम किंवा नायरच्या त्वचारोगाच्या ओपीडीत दाखवा.

आता डाव्या हाताचा प्रश्न, ज्याचं माझं उत्तर ऐकून बऱ्याच जणी हसतात: हातावर काढूच नका. क्रॉफर्ड मार्केटच्या आसपास आणि ऑनलाइनही प्रेस-ऑन नखांचे, म्हणजे आपल्या नखावर वरून चिकटवायच्या तयार प्लास्टिकच्या नखांचे, साधे, बिनरंगाचे डबे मिळतात. दहा नखं आपल्या मापाची निवडा. दोन मापांच्या मध्ये अडलात तर मोठं घेऊन बाजूने घासा, कारण लहान नख कडेने उचलतं. आइस्क्रीमच्या काडीवर दुहेरी चिकटपट्टी लावून त्यावर नख बसवा आणि मग टेबलाशी बसून, चांगल्या उजेडात, उजव्या हाताने दहाच्या दहा रंगवा. चुकलं तर दुसरं घ्या. लग्नाच्या आठवडाभर आधी काम तयार. फक्त एक लक्षात ठेवा: या नखांवरची चूक ॲसिटोनने पुसायला गेलात तर नख वितळतं. ॲसिटोन नसलेलं रिमूव्हर घ्या.

नक्षी कुठली? शालूचा रंग जसाच्या तसा नखावर उतरवायचा मोह सगळ्यांना होतो आणि फोटोत तो साडीत विरून जातो. काठाचा रंग घ्या. पैठणीचा नारळी काठ नखासाठी सोपा: वांगी रंगावर टोकाशी सोनेरी त्रिकोणांची रांग. त्रिकोणासाठी सेलोटेपचे तिरके तुकडे कापून पूर्ण सुकलेल्या रंगावर लावा, सोनेरी हात द्या आणि तो ओला असतानाच टेप ओढा. सुकल्यावर ओढलात तर कड दातेरी निघते. वारली त्याहून सोपी, गेरूच्या रंगावर पांढऱ्याने टोकाला टोक जुळवलेले दोन त्रिकोण, वर एक ठिपका, हातापायांच्या चार रेषा.

पण करवलीसाठी माझी आवडती नथ. अनामिकेच्या नखावर, फिक्या गुलाबी रंगावर. अवजार म्हणजे बॉलपेनची संपलेली रिफील, टोक रिमूव्हरने पुसून. फॉइलच्या तुकड्यावर पांढऱ्या रंगाचा एक थेंब ठेवा. रिफिलीचं टोक त्यात बुडवून नखावर टेकवा, दाबू नका, उभं वर उचला. थेंब स्वतःच गोल बसतो. प्रत्येक ठिपक्याला नव्याने बुडवलंत तर सगळे मोती एकसारखे येतात. एकदाच बुडवून सलग तीन-चार टेकवलेत तर ते लहान लहान होत जातात, आणि नथीच्या वळणाला नेमकं तेच हवं असतं. मोठ्या मोत्यापासून सुरुवात करून लहानाकडे, अर्धचंद्रासारखं. मध्ये टाचणीच्या डोक्याने एक लाल, बाजूला एक हिरवा. फॉइलवरचा थेंब दोन-तीन मिनिटांत चिकट होऊन त्याची तार निघायला लागते, तेव्हा तो टाकून नवा घ्या. बिघडलेल्या नक्षीपैकी निम्मी या तारेमुळे बिघडते. टॉप कोट लगेच नको, पंधराएक मिनिटांनी, आणि तेव्हाही ब्रशचे केस नखाला न टेकवता फक्त रंगाचा थर वरून तरंगत न्यायचा, नाहीतर लाल मोती पांढऱ्यात ओढला जातो. हाताला एकच नथ. दहा नखांवर दहा नथी म्हणजे सराफाचं दुकान.

ही नखं चिकटवायला दोन्ही बाजूंनी चिकट असलेले स्टिकर की गोंद? एका दिवसासाठी स्टिकर. गोंद आठवडाभर धरतो, पण काढताना नख सोलतो, आणि एक गोष्ट घरोघरी माहीत नाही: तो गोंद कापसावर किंवा सुती कपड्यावर सांडला तर रासायनिक क्रियेने इतका तापतो की हात भाजतो. सांडला तर कापसाने टिपायला जाऊ नका.

राहिला क्रम. मेंदीच्या आदल्या दिवशी नखं घासून, क्यूटिकल मागे सारून घ्या. मेंदी काढायला बसण्याआधी नखांवर पारदर्शक नेलपेंटचा एक हात द्या, कारण मेंदीचा रंग नखाच्या केराटिनला धरतो आणि मग रिमूव्हरने जात नाही, नख वाढून पुढे जाईपर्यंत केशरी राहतो. काहींना तो आवडतो, मग हात देऊ नका. त्यानंतर हळद. करवलीला नवरदेवाला हळद लावायची असते, घाण्याला आणि मांडवाच्या कामाला हात घालायचा असतो. फिकी नखं त्यात पिवळी होणारच. हळदीतलं कर्क्युमिन पाण्यात विरघळत नाही, नुसत्या साबणाने निघत नाही. तेलाने, अल्कोहोलने सुटतं आणि उन्हात फिकं पडतं. म्हणून खरी नखं हळदीच्या रात्रीपर्यंत त्या पारदर्शक थराखालीच असू द्या. रात्री तेलाने हात चोळून धुवा, मग नखं अल्कोहोलने पुसा. स्टिकर त्या थरावर चांगला बसतो.

लग्नाच्या सकाळी आधी साडी, मग बांगड्या, मग नखं. नखं लावून निऱ्या घालायला गेलात तर जरीचा धागा अडकतो, आणि पैठणीचा ओढला गेलेला धागा परत बसत नाही. प्रत्येक नख मुळाकडून टेकवून टोकाकडे दाबत न्या आणि तीस सेकंद दाबून धरा. अंगठ्याचं सगळ्यात शेवटी, कारण बाकीची दाबायला तोच लागतो. पर्समध्ये जादा दोन नखं, काही स्टिकर आणि अल्कोहोलमध्ये भिजवलेला बोळा छोट्या झिप पाऊचमध्ये ठेवा. करा-दिवा हातात घ्याल तेव्हा ताटाला बोटांची पेरं लावा, नखांनी उचलू नका. पंगतीत वाढायला उभं राहायचं असेल तर तेवढ्यापुरती नखं काढून परत पाऊचमध्ये टाका.